घड्याळातले ८८ ठोके आणि पत्राच्या शेवटचं ‘ते असो’

वाचकाचं पत्र

डॉक्टर, मी ४४ वर्षांची आहे. माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीत मुलानं पहिल्या पगारातून मला हातावरचं स्मार्ट घड्याळ आणलं. तेव्हा त्यात ‘रेस्टिंग हार्ट रेट’ ७५-७६ दाखवायचं. आता जूनमध्ये ८७, ८८, एखाद्या दिवशी ९१ दाखवतं. यजमानांच्या हाताला बांधून पाहिलं तर ६२. सासूबाईंचं ५४, त्यांना बीपीची गोळी चालू आहे. शाळेतल्या एक मॅडम म्हणाल्या, ठोके ७२च पाहिजेत, जास्त असले की हृदय दुबळं समजायचं. माझे वडील ५२व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले, त्यामुळे मनात भीती बसली आहे. रात्री दोन-दोनदा उठून घड्याळ बघते. माझं हृदय कमजोर झालंय का? साताऱ्याला हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ का? तसा बाकी त्रास काही नाही. अलीकडे जिना चढताना दम लागतो, पाळी आठ-नऊ दिवस चालते आणि अंगावरून खूप जातं, पण आता वयच आहे. ते असो. या ठोक्यांचं काय करू ते सांगा.

उत्तर

बाई,

वर्गातली मुलं तुम्हाला याच नावानं हाक मारत असतील, म्हणून मीही तीच मारते. आधी तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. ८८ ठोके हा आजार नाही. ८८ ठोक्यांवरून हृदय दुबळं आहे असंही कुणाला म्हणता येणार नाही. मोठ्या माणसाचे स्वस्थ बसलेलं असतानाचे ठोके मिनिटाला ६० ते १०० असले की आम्ही ते नॉर्मल धरतो, आणि तुमचे त्यात बसतात. आज रात्री घड्याळ काढून कपाटात ठेवा आणि झोपा.

पण एवढं वाचून तुमचं पत्र बाजूला ठेवावं असं मला वाटलं नाही. दिवाळीत ७६ असलेले ठोके जूनमध्ये ८८ झाले, ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे ‘ते असो’च्या आधीचं ते एकच वाक्य. घड्याळाबद्दल तुम्ही सगळं पत्र लिहिलंत आणि दम लागण्याबद्दल, पाळीबद्दल जाता जाता एक वाक्य. मला तुमच्याशी बोलायचंय ते त्या वाक्याबद्दल. तिथवर जाण्यासाठी आधी ठोक्यांचं थोडं समजून घेऊ.

७२ हा आकडा आपल्या डोक्यात शाळेच्या पुस्तकानं बसवलाय. ती सरासरी आहे. तुमच्या वर्गाची सरासरी उंची चार फूट निघाली म्हणून साडेचार फुटांचं पोर आजारी ठरत नाही, तसंच हे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हातावर असंच घड्याळ बांधणाऱ्या ९२,४५७ प्रौढांच्या नोंदी तपासल्या होत्या. सरासरी आली ६५. पण कुणाचे रोजचे ठोके ४०, तर कुणाचे १०९, एवढी मोठी तफावत माणसामाणसांत होती. बायकांचे ठोके पुरुषांपेक्षा थोडे जास्तच असतात. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे: दोन माणसांचे ठोके एकमेकांशी जुळत नाहीत, पण एकाच माणसाचे ठोके बहुतेक वेळा आपल्या जागेवर टिकून राहतात. पाचांतल्या एकाला कधीतरी एखादा आठवडा असा येतो, की ठोके दहानं इकडे-तिकडे होतात. एखादा आठवडा हलला तर फार मनाला लावून घेऊ नये. सात-आठ महिन्यांत हळूहळू बारा ठोके वाढले आणि खाली आलेच नाहीत, तर मात्र त्यामागचं कारण शोधावं.

म्हणून यजमानांच्या ६२शी तुमची तुलना नकोच. तुमची तुलना दिवाळीतल्या तुमच्याशी करायची.

सासूबाईंच्या ५४चंही सांगते. बीपीच्या काही गोळ्या, मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉलसारख्या, ठोके कमी करतातच. ते त्यांचं कामच आहे. गोळीच्या पाकिटावरचं नाव एकदा डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंना चक्कर येत नसेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत नसेल, तर ५४वर त्या ठीक आहेत. गोळी आपल्या मनानं बंद मात्र करू नका. ही गोळी एकदम तोडली की ठोके आणि बीपी दोन्ही उसळतात आणि ते धोक्याचं असतं.

आता हा वेग ठरतो कसा ते बघा. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक बारीक पुंजका असतो, सायनस नोड. प्रत्येक ठोक्याचा इशारा तिथून निघतो. त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देईल. ज्यांना दुसऱ्याचं हृदय बसवलेलं असतं त्यांच्यात हे दिसतं: नसा कापल्या गेलेल्या असतात, त्यामुळे ते नवं हृदय स्वस्थ बसल्यावरही ९०-१००नं चालतं. आपल्या शरीरात मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस या पुंजक्याला सतत आवरून धरते. गाडीवान कासरा आखडून धरतो, तसं. आपण निवांत असलो की कासरा आखडलेला असतो. जिना चढलो, ताप आला, भीती वाटली, रक्त कमी पडलं, की कासरा सैल सुटतो आणि वर अॅड्रेनलिन या संप्रेरकाची चाबकासारखी फटकार बसते.

तुमच्याच माणदेशातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या. लांब पल्ल्याच्या अशा धावपटूंचं हृदय वर्षानुवर्षांच्या सरावानं एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला शिकतं आणि त्यांचा कासराही घट्ट धरलेला असतो. त्यामुळे स्वस्थ बसलेलं असताना त्यातल्या अनेकांचे ठोके ४०-५०वर येतात आणि तेवढ्यात सगळ्या शरीराचं भागतं. तेच ४५ ठोके एखाद्या न धावणाऱ्या, चक्कर येणाऱ्या आजोबांचे असतील तर आम्ही ताबडतोब ईसीजी काढतो. आकडा तोच, पण कुणाचा आहे त्यावर त्याचा अर्थ बदलतो.

घड्याळाकडे वळू. ते मनगटावरून काढलं की खालच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका आला की मनगटात क्षणभर रक्त वाढतं आणि परत येणारा प्रकाश कमी होतो. घड्याळ ते मोजतं. पट्टा सैल असला, बांगड्यांनी घड्याळ सरकत राहिलं, हात गार पडले, तर मोजणी चुकते. मनगटावर गोंदलेलं असेल तरीही चुकते, तेव्हा सासूबाईंच्या हातावर गोंदण असलं तर त्यांचा आकडा नाडी धरूनच घ्या. शिवाय ‘रेस्टिंग’ म्हणजे कुठल्या वेळचं, हे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं ठरवते. कुणी झोपेतलं धरतं, कुणी जागेपणी स्थिर बसलेलं असतानाचं. एका घड्याळातला आकडा दुसऱ्या कंपनीच्या घड्याळाशी ताडून बघण्यात अर्थ नसतो. तुमचं घड्याळ दिवाळीपासून तेच आहे, म्हणून त्यातली वाढ मी मनावर घेतेय.

तरीही एक आठवडा स्वतःच्या बोटांनी मोजा. सकाळी जाग आली की लगेच, चहाच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर पाच मिनिटं टेकून बसा. डावा तळहात वर करून मांडीवर ठेवा. अंगठ्याच्या मुळापासून खाली मनगटाकडे या. बाहेरचं हाड आणि मधली दोरीसारखी शीर यांच्यामध्ये एक खळगा लागतो. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तिथे हलकेच टेकवा. जोरात दाबलंत तर नाडी हरवते. अंगठ्यानं मोजू नका, अंगठ्याची स्वतःची नाडी मध्ये येते. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणारे पुष्कळ आहेत, पण त्यात एक ठोका चुकला की चार चुकतात आणि लय तर कळतच नाही.

लय आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. आपल्या जुन्या वैद्यांकडे सेकंदकाटा नव्हता, ते नाडीची चाल बघत. शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या गतीला साप, बेडूक, हंस यांच्या चालीची उपमा दिली आहे. इंग्लंडच्या जॉन फ्लॉयर नावाच्या डॉक्टरांनी १७०७च्या सुमारास नाडी मोजण्यासाठी मिनिटाचं खास घड्याळ वापरायला सुरुवात केली आणि त्यानंतर सगळं लक्ष हळूहळू आकड्यावर गेलं. माझ्या मते थोडं जास्तच गेलं. बोटाखाली ठोके टप्-टप्-टप् असे सारख्या अंतरावर यायला हवेत. श्वास घेताना किंचित जलद आणि सोडताना किंचित सावकाश झाले तर चालतं. मध्येच एखादा ठोका गळाल्यासारखा वाटला तरी बहुतेकदा काळजी नसते. पण ताल कशातच बसत नसेल, दोन जवळ, एक लांब, मग तीन भराभर, असं सतत होत असेल, तर आकडा ७० असला तरी लवकर ईसीजी काढायला हवा. त्यात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं, निघू शकतं आणि त्यामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो.

हे शिकलात की वर्गातही मुलांना शिकवा. चौथीची पोरं एकमेकांची नाडी धरून बसली की वर्ग कसा शांत होतो बघा. फक्त त्यांचे ठोके ९०-१०० आले तर घाबरू नका, त्या वयात तसेच असतात.

आता त्या वाक्याकडे येते.

तुमच्या भागात पाण्याची टंचाई मी नव्यानं सांगायला नको. विहिरीवरून घरी पाणी आणायचंय, घराला रोज वीस हंडे लागतात. हंडे काठोकाठ भरले तर वीस खेपांत काम होतं. हंडे अर्धेच भरत असतील तर? घराची तहान तेवढीच, मग खेपा वाढवायला लागतात. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे हंड्यातलं पाणी समजा. प्राणवायू तेच वाहून नेतं. दर महिन्याला आठ-नऊ दिवस रक्त जात राहिलं की त्यासोबत लोह जातं, लोह गेलं की हिमोग्लोबिन बनत नाही, आणि हृदयाला त्याच कामासाठी जास्त खेपा माराव्या लागतात. ७६चे ८८ झाले म्हणजे दिवसाला किती खेपा वाढल्या? बारा गुणिले १४४०, म्हणजे सतरा हजार दोनशे ऐंशी. पण नुसत्या एवढ्यावरून हृदय दुबळं ठरत नाही, बाई. तुमचं हृदय कमतरता भरून काढतंय, असा माझा अंदाज आहे. जिना चढताना दम लागतो तोही यामुळेच असू शकतो.

न तपासता मी हे ठाम म्हणू शकत नाही, पण तुमच्या वयाची, जास्त पाळी जाणारी, हळूहळू ठोके वाढलेली आणि जिन्यावर थांबणारी बाई समोर आली की पहिली शंका हीच घ्यायची असते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. एवढं सर्रास झालंय, म्हणूनच आपल्याला ते आजारासारखं वाटत नाही. ‘वयच आहे’ म्हणून आपण गप्प बसतो.

काही वर्षांपूर्वी एका पतपेढीत काम करणाऱ्या बाई माझ्याकडे आल्या, ३९ वर्षांच्या. छातीत धडधडतं, झोप लागत नाही, ही तक्रार. त्याआधी एके ठिकाणी त्यांना ‘टेन्शन घेता’ असं सांगून झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि त्यांचाही स्वतःबद्दल तोच समज झाला होता. मी मनगट धरलं. हात गार, नाडी १०४, ताल सारखा. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. ती आतून लालसर दिसायला हवी, यांची भिजलेल्या कागदासारखी पांढुरकी होती. मी विचारलं, तांदूळ निवडताना तोंडात टाकता का? त्या एकदम गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, रोज मूठभर कच्चे तांदूळ खाते, घरात कुणाला माहीत नाही. अंगात लोह फार कमी झालं की अशी ओढ लागते. कुणाला माती, कुणाला पाटीवरची पेन्सिल, कुणाला बर्फ. त्यांचं हिमोग्लोबिन ६.४ निघालं. गर्भाशयात गाठ होती, तिथून महिन्यामागून महिने रक्त जात होतं. रक्तस्रावावर उपचार झाले, लोह भरून काढलं, आणि तीन-साडेतीन महिन्यांनी त्याच मनगटावर मी ७८ मोजले. झोपेची गोळी केव्हाच सुटली होती. त्या बाई अनेकदा माझ्या डोळ्यांपुढे येतात, तुमचं पत्र वाचतानाही आल्या.

तुम्हालाही खडू तोंडात घालावासा वाटतो का? वाटत असेल तर लाजू नका, डॉक्टरांना तेही सांगा.

म्हणून साताऱ्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे आधी धावायची गरज मला दिसत नाही. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करून घ्या. बायकांचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात, ८च्या खाली गेलं की ते गंभीर. जमलं तर फेरिटिनही करा, त्यावरून लोहाचा साठा कळतो. हिमोग्लोबिन १२.२ येऊनही साठा रिकामा असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सोबत थायरॉईडसाठी टीएसएच करा. थायरॉईड जास्त झालं तर ठोके वाढतात, कमी झालं तर पाळी जास्त जाऊ शकते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी ते पाहिलेलं बरं. एक साधा ईसीजीही काढून ठेवा. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून पोटाची सोनोग्राफी कराच. कारण नुसतं लोह दिलं आणि गळती तशीच राहिली, तर वर्षभरानं तुम्ही पुन्हा तिथेच याल. चाळिशीनंतर पाळी अनियमित होते हे खरं. पण ‘खूप जातं’ हे वयावर सोडून द्यायचं नसतं, तपासायचं असतं.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर एक चूक जवळपास प्रत्येक घरात होते: गोळी सकाळच्या चहाबरोबर घेतली जाते. चहा लोहाला बांधून ठेवतो आणि गोळी बरीचशी वाया जाते. चहा आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, गोळीबरोबर लिंबूपाणी घ्या किंवा आवळा, पेरू खा. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नका. शौचाला काळं होईल, ते गोळीमुळे. मळमळलं तर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा; एक दिवसाआड घेऊनही चांगला उपयोग होतो. तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमनं वाढायला हवं. ते जागेवर आलं तरी साठा भरायला पुढे आणखी साधारण तीन महिने गोळ्या घ्याव्या लागतात, आणि बहुतेक जणी नेमक्या इथे थांबतात. बीट लाल असतं म्हणून त्यानं रक्त भरतं, हा समज आहे. गूळ-शेंगदाणे, पालेभाज्या, मटकी जरूर खा, पण हिमोग्लोबिन नऊवर आलं असेल तर नुसत्या खाण्यानं ते भरून निघत नाही.

रक्त ठीक निघालं तर? मग दुसरी कारणं बघायची, आणि ती पुष्कळ आहेत. दिवसात पाच-सहा कप चहा होत असेल तर तो. मशेरी लावत असाल तर तीही. तंबाखू कुठल्याही रूपात ठोके वाढवते, मशेरीतून ती हिरड्यांवाटे थेट रक्तात जाते. दम्याचा पंप, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या. अंगात कणकण असेल तर ताप एका अंश सेल्सिअसनं वाढला की ठोके साधारण दहानं वाढतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर वाढतात. झोप मोडली तर वाढतात. तुमची झोप तर रात्री उठून घड्याळ बघण्यातच मोडतेय, आणि आकडा बघून पोटात गोळा आला की पुढचा आकडा आणखी वर जाणारच. यासाठीच मी घड्याळ कपाटात ठेवायला सांगितलं. मुलानं हौसेनं आणलंय, दिवसा जरूर घाला.

वडिलांबद्दल शेवटी बोलते, कारण तुमच्या भीतीचं मूळ तिथे आहे असं मला वाटतं.

नाडीवरून हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा कळत नाही. ६२ ठोके असलेल्या माणसालाही अटॅक येऊ शकतो. उलट ८८ ठोके असलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या स्वच्छ असू शकतात. नॉर्वेमध्ये २९ हजारांहून जास्त स्त्री-पुरुषांवर झालेला एक अभ्यास २०११ साली आला. ज्यांचे ठोके आधी ७०च्या आत होते आणि साधारण दहा वर्षांनी ८५च्या वर गेले, त्यांच्यात हृदयविकारानं मृत्यू होण्याचा धोका, ७०च्या आतच राहिलेल्यांपेक्षा जवळपास दुप्पट दिसला. हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण वाढलेल्या ठोक्यांनीच ती माणसं गेली, असा त्याचा अर्थ होत नाही. बसून राहणं, वाढलेलं वजन, बीपी, तंबाखू अशा अनेक गोष्टी ठोके वाढवतात आणि हृदयही खराब करतात. तुमची वाढ काही महिन्यांतली आहे आणि तिचं दुरुस्त होणारं कारण समोर दिसतंय.

वडिलांचं वय मात्र महत्त्वाचं आहे. वडील किंवा भाऊ ५५च्या आत, आई किंवा बहीण ६५च्या आत हृदयविकारानं आजारी पडली असेल, तर आम्ही ती घराण्यातली जोखीम धरतो. तुमचे वडील ५२व्या वर्षी गेले, म्हणजे तुम्ही त्यात येता. म्हणून त्याच फेरीत बीपी मोजा, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा, आणि वडिलांचं वय डॉक्टरांना न विसरता सांगा. तुमच्या भावाबहिणींनाही हेच करायला सांगा. हिमोग्लोबिन सुधारलं की रोज अर्धा तास झपझप चालायला लागा, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही एवढ्या वेगानं. काही महिन्यांत ठोके आपणहून खाली येतात. आत्ताच, दम लागत असताना, नेटानं चालू नका.

काही वेळा मात्र वाट बघायची नसते. छातीवर ओझं ठेवल्यासारखं दाटून आलं, जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत कळ गेली, घाम फुटला, बसल्या जागी दम लागला, शुद्ध हरपली, तर १०८ला फोन करा. बायकांमध्ये छातीत फार न दुखता नुसती मळमळ, घाम आणि दम एवढ्यावरही अटॅक येतो, म्हणून ‘पित्त झालं असेल’ म्हणत रात्र काढू नका. स्वस्थ बसून ठोके १२०च्या वर राहिले किंवा ४०च्या खाली गेले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाळीत तासा-तासाला पॅड बदलायची वेळ आली आणि उभं राहताना गरगरलं, तरीही त्याच दिवशी.

या आठवड्यात एखाद्या वहीत रोज सकाळचे ठोके लिहा, पाळीची तारीख आणि किती दिवस गेली तेही लिहा, आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. रिपोर्ट आला की हिमोग्लोबिन किती निघालं आणि खडूचं काय, दोन्ही मला कळवा.